पावणेदोन फेरे

गाडी पुढे जात होती, पण मागे येत नव्हती. बालीगंजच्या त्या जुन्या घरातलं गॅरेज असं अरुंद की गाडी नाक आत करूनच लावावी लागायची. म्हणजे ती बाहेर काढायची तर गल्लीतली चार पोरं जमवून ढकलायची. एकदा रस्त्यावर आली की मग एखाद्या म्हाताऱ्या खानदानी बाईसारखी डौलात चालायची.

२०१९ चा डिसेंबर होता. माझं पोस्टिंग कोलकात्याला, फोर्ट विल्यममध्ये. काम फाइलींचं. ईएमईच्या अधिकाऱ्याला दोन वर्षं हाताला ग्रीस न लागता खुर्चीत बसवणं म्हणजे गवयाला तंबोऱ्याच्या खोळी शिवायला बसवण्यासारखं आहे. त्यामुळे मेसमध्ये एका निवृत्त कर्नलसाहेबांनी ‘आमच्या शेजारच्या बाईंची गाडी जरा बघशील का’ असं विचारलं, तेव्हा गाडी कुठली हेसुद्धा न विचारता मी हो म्हणालो.

गाडी होती १९६५ ची फोर्ड फाल्कन. सहा सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंग डावीकडे, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. फोर्डने १९६४ मध्ये बाजारात आणलेला तीन गिअरचा सी-४. माशीमांच्या (कोलकात्यात आईच्या वयाच्या बाईला आणखी काय म्हणणार?) यजमानांनी, ते डॉक्टर होते, ही गाडी परत मायदेशी निघालेल्या एका परदेशी माणसाकडून घेतली होती. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. घर बिल्डरला द्यायचं ठरलं होतं आणि फेब्रुवारीअखेर गॅरेज मोकळं करायचं होतं. एका गॅरेजवाल्याने गाडी पाहून निकाल दिला होता: गिअरबॉक्स गेला, अख्खा बाहेरून मागवावा लागेल, खर्च काही लाख. तो निकाल ऐकून गिऱ्हाइकांनी किमती निम्म्यावर आणल्या होत्या.

‘गिअरबॉक्स गेला.’ माझ्या नोकरीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला गिअर गेला?

हा प्रश्न का, हे कळायला या गिअरबॉक्सच्या आत जरा डोकवावं लागेल. साध्या गाडीत आपण दांडा हलवून एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जातो. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये सगळी दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. मधे एक, त्याभोवती फिरणारी लहान चाकं, आणि त्या सगळ्यांना वेढणारं एक मोठं कडं. गिअर बदलायचा म्हणजे यातला एखादा भाग धरून ठेवायचा आणि बाकीच्यांना फिरू द्यायचं. धरून ठेवायचं काम बरेचदा एक पोलादी पट्टा करतो. तोच तो बँड. एका गोल ढोलाभोवती तो बसलेला असतो, आतून घर्षणाचं अस्तर लावलेला. विहिरीतून पाणी शेंदताना घागरीच्या गळ्याला फास टाकतो तसाच हा फास. तेलाच्या दाबाने एक दट्ट्या पुढे येतो, पट्टा आवळतो आणि ढोल जागच्या जागी थांबतो. दाब सुटला की पट्टा सैल पडतो आणि ढोल फिरायला मोकळा.

कल्पना जुनी आहे. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने जी मॉडेल टी बनवली, तिच्या पायाखाली असेच तीन पट्टे होते: एक हळू चालीचा, एक रिव्हर्सचा, एक ब्रेकचा. तिथे चालकाच्या पायाचा जोर पट्टा आवळायचा. पट्टे झिजायचे आणि मालक स्वतः ते घट्ट करून घ्यायचा. सी-४ मध्ये पायाची जागा तेलाने घेतली, पण पट्टा झिजतो ही गोष्ट काही बदलली नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी गिअरबॉक्सच्या अंगावर, बाहेरून हात पोचेल अशा जागी, दोन स्क्रू ठेवले. पुढे डाव्या अंगाला दुसऱ्या गिअरच्या पट्ट्याचा, मागे उजव्या अंगाला रिव्हर्सच्या पट्ट्याचा. गिअरबॉक्स उतरवायला नको, उघडायला नको. गाडीखाली शिरा, लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवा.

मला हे स्क्रू फार आवडतात. ज्याने ही वस्तू बनवली त्याने पहिल्याच दिवशी कबूल केलंय की ही झिजणार आहे, आणि झिजेल तेव्हा काय करायचं त्याची सोयही करून ठेवली आहे.

तर, कुठला गिअर गेला? सी-४ मध्ये रिव्हर्ससाठी दोन गोष्टी धराव्या लागतात: एक क्लच आणि मागचा पट्टा. तोच क्लच तिसऱ्या गिअरलाही लागतो. माशीमांची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये विनातक्रार पळत होती, म्हणजे क्लच शाबूत. उरला पट्टा. हा पट्टा आणखी एकाच ठिकाणी कामाला येतो: दांडा ‘एल’वर टाकून उतार उतरताना इंजिनाने गाडीला मागे धरावं, तिथे. नेहमीच्या ड्राइव्हमध्ये पहिल्या गिअरला या पट्ट्याची गरज पडत नाही. तिथे एकाच दिशेने फिरणारा एक क्लच आपोआप भार घेतो. म्हणून पट्टा सुटला असला तरी गाडी पुढे झकास निघते आणि कुणाला शंका येत नाही.

आता कोलकाता म्हणजे तळहातासारखं सपाट. उतार आणायचा कुठून? रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही गाडी एजेसी बोस रोडच्या फ्लायओव्हरवर नेली आणि उतरताना दांडा ‘एल’वर टाकून पाय उचलला. गाडीला कुणी धरलंच नाही. नदीत सोडलेल्या होडीसारखी ती सुखाने खाली वाहत गेली. निदान झालं. एक स्क्रूसुद्धा न उघडता. ज्याने काही लाखांचा निकाल दिला होता त्याने ही पंधरा मिनिटं खर्च केली नव्हती एवढंच.

फ्लायओव्हरवरच दुसरी गोष्ट लक्षात आली. इंजिन तापल्यावर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी क्षणभर अडखळायची. इंजिन उगाच ओरडायचं, मग दुसरा गिअर लागायचा. अगदी पुसटसं. तेव्हा मी ते मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिलं.

फ्लायओव्हरपासून जवळच, पार्क स्ट्रीटच्या टोकाला मल्लिक बाजार आहे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग तिथे असे रचलेले असतात की एखाद्या गाडीचं शवविच्छेदन चालू आहे असं वाटावं. शहरात जुन्या गाड्यांची रॅली जवळ आली की इथल्या मिस्त्रींना मान वर करायला फुरसत नसते. तिथले एक उस्ताद, सत्तरीचे, चष्म्याची काडी सुतळीने बांधलेली. मी कर्नल आहे हे कळल्यावर त्यांनी माझे हात पाहायला मागितले. पाहिले आणि म्हणाले, “साफ हैं.” ही तारीफ नव्हती.

उस्तादांनी आधी तेल पाहिलं. काडी बाहेर काढली, थेंब बोटांवर चोळला, नाकाशी नेला. हे तेल लाल असतं. आमचं तपकिरी झालं होतं आणि त्याला जळल्याचा पुसट वास होता. चेंबर उतरवला तर तळाशी काळी, मऊ भुकटी. ती अस्तराची झीज. धातूचे चमकणारे कण मात्र नव्हते, तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं. व्हॅक्यूमच्या नळीत तेल आलंय का तेही त्यांनी पाहून घेतलं. नव्हतं. या गिअरबॉक्सला एक व्हॅक्यूमची डबी असते. तिचा पडदा फाटला तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल पिऊ लागतं आणि गिअर वेडेवाकडे पडतात. मग पट्ट्यांना दोष देत बसणं म्हणजे ताप आलेल्याचे दात उपटणं.

मग स्क्रू. गाडीतच डॉक्टरांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं कंपनीचं पुस्तक होतं. पद्धत सोपी आहे. स्क्रू १० फूट-पौंडांपर्यंत आवळायचा. म्हणजे पट्टा ढोलाला पुरता चिकटला. मग तो मोजून उलटा फिरवायचा: दुसऱ्या गिअरच्या पट्ट्याला पावणेदोन फेरे, रिव्हर्सच्या पट्ट्याला तीन. त्या जागी तो धरून ठेवून लॉकनट आवळायचा. झालं. खरं मोजमाप आवळण्यात नाही, सोडण्यात आहे. पट्टा आणि ढोल यांच्यामध्ये किती जागा राहावी ते ते फेरे ठरवतात.

इथे माझी एक गंमत झाली. माझी उमेदवारी रशियन रणगाड्यांवर गेली. तिथले आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये. पुस्तकात ‘१०’ दिसलं आणि माझ्या मनगटाने जुन्या सवयीने दहा किलोग्रॅम-मीटरची तयारी केली. ते सात पटींहून जास्त होतं. स्क्रू तरी वाकला असता नाहीतर पट्ट्याचं टोक तरी गेलं असतं. उस्तादांकडे टॉर्क रेंच नव्हताच. ते आखूड पाना दोन बोटांत धरून फिरवत आणि थांबत. मी माझा स्वतःचा रेंच लावून पाहिला (सरकारी हत्यार खासगी गाडीला लावत नसतात, नवीन अधिकाऱ्यांनी नोंद घ्यावी). साडेतेरा न्यूटन-मीटरला तो टक्क वाजला आणि स्क्रू तसूभर हलला नाही. उस्तादांची दोन बोटं म्हणजे १० फूट-पौंड.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आवळायला सुरुवात करण्याआधी उस्ताद म्हणाले, “पहले गिनो.” म्हणजे आता आहे त्या जागेपासून पूर्ण घट्ट होईपर्यंत किती फेरे जातात ते मोजा. पुस्तकात हे लिहिलेलं नाही. मागचा स्क्रू: वर्षानुवर्षांचं किटण चढलेलं, लॉकनटचे कोपरे नव्यासारखे धारदार. पाच फेऱ्यांहून जास्त गेला. हवे होते तीन. म्हणजे या पट्ट्याला डॉक्टरांच्या हयातीत कुणी हातच लावला नव्हता. बिचारा झिजत झिजत इतका सैल झाला होता की ढोलाला कवटाळेपर्यंत दट्ट्याची धाव संपायची. तीन फेऱ्यांवर आणला, नवं तेल भरलं, गाडी चालू केली, दांडा ‘आर’वर टाकला. फाल्कनने एक हलका हिसका दिला आणि मागे निघाली. माशीमा खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी उस्तादांसाठी आणि माझ्यासाठी नोलेन गुळाचा संदेश मागवला. इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती मेसमध्ये सांगितली असती, इथे लिहिली नसती.

पुढचा स्क्रू. याच्या लॉकनटचे कोपरे पार गोल झाले होते. पाइप रेंचच्या दातांचे वळ स्पष्ट दिसत होते. मोजला. अर्ध्या फेऱ्यात घट्ट.

पावणेदोनच्या जागी अर्धा. कुणीतरी कधीतरी दुसरा गिअर अडखळतो म्हणून हा पट्टा आवळला होता. एकदा नव्हे, बहुधा तीन-चारदा. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरं वाटलं असेल. पण अर्ध्या फेऱ्यावर बसलेला पट्टा सुटल्यावरही ढोलाला घासत राहतो. पहिल्यात घासतो, तिसऱ्यात घासतो, लांबच्या रस्त्यावर तासन्‌तास घासतो, तापतो, आणि अस्तर जळतं. ती काळी भुकटी आणि तो वास इथून आला होता. एवढं करूनही गाडी तापल्यावर दुसरा गिअर अडखळत होताच. म्हणजे आता आवळायला काही उरलं नव्हतं. पट्टा बदलायलाच हवा होता. तो अमेरिकेत अजून नवा मिळतो, पण गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. ते काम महिन्या-दोन महिन्यांचं. गॅरेज फेब्रुवारीअखेर रिकामं व्हायचं होतं.

मी स्क्रू पावणेदोनवर आणला. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. आधी पुसट असलेलं अडखळणं आता कुणाच्याही लक्षात यावं इतकं ठळक झालं.

त्या रात्री माशीमांच्या मुलाचा फोन आला. सभ्य, शिकलेला माणूस. आभार मानून म्हणाला, रिव्हर्सचं काम झालं हे उत्तम. पण पुढचा पट्टा पूर्वी होता तसाच ठेवा ना. गिऱ्हाईक दहा दिवसांनी येतंय, ते चक्कर मारून पाहील. एवढी वर्षं चाललीच ना तशी? उस्तादांचंही तेच मत होतं, फक्त कमी शब्दांत: “बेचने की गाड़ी है, साहब.”

मी नाही म्हणालो. वर एक कागदही लिहून दिला. तारीख, गाडी किती मैल चालली, कुठला स्क्रू किती फेऱ्यांवर सापडला, किती फेऱ्यांवर ठेवला, आणि शेवटची ओळ: दुसऱ्या गिअरचा पट्टा संपला आहे, बदलावा लागेल. माशीमांना म्हणालो, गिऱ्हाइकाला हा दाखवा. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, “बाबा, हे लिहिलंच पाहिजे का?”

त्यांना जे उत्तर दिलं ते नीट दिलं नाही असं मला अजून वाटतं. इथे प्रयत्न करतो.

२००४ साली मी राजस्थानात एका रणगाडा रेजिमेंटच्या वर्कशॉपमध्ये होतो. खडकवासल्याचा पॉलिश अजून बुटांवर होता. टी-५५ रणगाडे. त्यांच्या वळवण्याच्या यंत्रणेतही असेच पट्टे असतात. एका बाजूचा आवळला की तिकडची साखळी मंद होते आणि रणगाडा तिकडे वळतो. तपासणीच्या आदल्या दिवशी एक रणगाडा लिव्हर ओढूनही आळसावून वळत होता. मी पट्टा आवळायला लावला. माझ्या हवालदाराने विचारलं, “साहब, लॉग बुक में चढ़ा दूँ?” तपासणीत कोरं पान चांगलं दिसतं. काल दुरुस्त केलेला रणगाडा म्हणजे उद्या प्रश्न. मी म्हणालो, राहू दे. तपासणी छान पार पडली. तीन आठवड्यांनी सरावात दुसऱ्या एका मेकॅनिकने तीच तक्रार ऐकली, लॉग बुकात काही सापडलं नाही, म्हणून त्याने पुन्हा आवळला. त्याची काय चूक? त्याच्या समोरच्या कागदानुसार त्या पट्ट्याला कुणी हात लावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री वाळूत तो पट्टा जळाला. रणगाडा जिथे थांबला तिथून ओढून आणायला पहाट झाली. सराव होता, म्हणून फक्त झोप गेली. माझा हवालदार मला एक शब्दही बोलला नाही. नुसतं लॉग बुक टेबलावर उघडून ठेवलं, त्या कोऱ्या पानावर.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आवळणं ही दुरुस्ती नाही. झीज झाली आहे, तिला आपण आणखी थोडी मुदत देतोय, एवढाच त्याचा अर्थ. मुदत देण्यात काही वाईट नाही, सगळ्या जुन्या वस्तू मुदतीवरच चालतात. पण किती दिली हे लिहिलं नाही तर पुढचा माणूस तीच मुदत पुन्हा देतो, आणि त्याच्या पुढचा पुन्हा. स्क्रूला आटे मोजकेच असतात. फौजेतल्या लॉग बुकला सगळे हसतात. चहाच्या कपाचे डाग, एकाच शाईने भरलेले तीन महिने, हे सगळं मी पाहिलंय, केलंही आहे. तरी गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा तिच्याबरोबर खरं काही जात असेल तर ते तेवढंच. बाजारात गाडी विकली जाते तेव्हा आरसी जाते, विमा जातो, चाव्या जातात. स्क्रू किती फेऱ्यांवर आहे हे जात नाही.

कुणी म्हणेल, हे साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांचं रडगाणं झालं. आता कुठे आलेत पट्टे आणि स्क्रू? खरंय. नव्या ऑटोमॅटिकमध्ये पट्ट्यांची जागा बहुतेक ठिकाणी चकत्यांच्या क्लचनी घेतली आहे, आणि ते जास्त टिकतात यात मला शंका नाही. मी काही पाइप रेंचच्या काळात परत जाऊ या म्हणत नाही. आपल्याकडे ज्याला सर्रास ऑटोमॅटिक म्हणतात ते तर बरेचदा साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबायला मोटर बसवलेली असते. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत तो आणला आणि मग सगळ्यांनी आणला. पण झीज कुठे गेली? ती तिथेच आहे. क्लच जसा झिजतो तसा गाडीतला संगणक तो कुठे पकडतो हे शिकत राहतो आणि गुपचूप तेवढा फरक भरून काढतो. म्हणजे तोही रोज थोडा थोडा आवळतोच आहे. आणि गंमत अशी की तो लिहूनही ठेवतो. किती भरून काढलं याचे आकडे त्याच्या पोटात असतात. वर्कशॉपवाला यंत्र जोडून ते वाचू शकतो, आणि नव्याने शिकवण्याच्या नावाखाली पुसूनही टाकू शकतो. मालकाला ते दिसत नाहीत. म्हणजे लॉग बुक आहे, पण ते ज्याची गाडी आहे त्याला उघडता येत नाही. पाइप रेंचवाल्याने निदान नटवर वळ तरी सोडले होते.

माझं म्हणणं साधं आहे. ते आकडे सर्व्हिसच्या बिलावर छापा. ऑइल किती घातलं हे छापता, एसीचा सुगंध किती रुपयांचा हे छापता, त्याखाली एक ओळ जास्त. पुसले असतील तर पुसले म्हणून लिहा. जुनी गाडी घेणाऱ्याने टायर आणि रंगाबरोबर ती ओळही मागावी. यात नवं संशोधन लागत नाही, फक्त लिहायची तयारी लागते. आणि लिहायची तयारी का नसते हे मला माझ्या २००४ च्या कोऱ्या पानावरून चांगलं माहीत आहे.

हे सगळं मी माशीमांना सांगितलं नाही. म्हणालो, “माशीमा, डॉक्टरसाहेबांनी पेशंटचा कागद कधी कोरा ठेवला होता का?” हे वाक्य मी तेव्हा फार हुशारीचं समजत होतो. एका एकट्या बाईला तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन गप्प करणं यात हुशारी नव्हती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि मान हलवली.

गिऱ्हाइकाने कागद वाचला, चक्कर मारली, दुसऱ्या गिअरला तोंड वाकडं केलं आणि पुन्हा आलं नाही. फेब्रुवारी संपला. गाडी एका नातेवाइकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. मग मार्च आला, आणि २०२० च्या त्या मार्चनंतर जुन्या फाल्कनचा विचार करायला कुणालाच वेळ उरला नाही. शेवटी दीड वर्षाने ती गेली. पहिल्या गिऱ्हाइकाने देऊ केले होते त्यापेक्षा सव्वा लाख कमी. मुलाने मला एकदाच मेसेज केला: ‘तुमचा कागद आम्हाला महाग पडला.’ मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मी बरोबर होतो असं मला आजही वाटतं, पण किंमत माझ्या खिशातून गेली नव्हती, हेही मला माहीत आहे. दुसऱ्याच्या गाडीवर प्रामाणिक असणं तुलनेने स्वस्त असतं.

गेल्या वर्षी ईदला उस्तादांना फोन केला. मी आता दुसऱ्याच टोकाला आहे, डोंगरात. इथे रेंज आली तर आली. खुशाली झाली, गुडघ्यांची तक्रार झाली, मग ते म्हणाले, तुमची फाल्कन आली आहे माझ्याकडे. नव्या मालकाने पट्टा मागवलाय. गिअरबॉक्स खाली काढून ठेवलाय. तुमचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात होता, पण त्यावर तेल सांडलंय.

“पीछेवाला कितने पे छोड़ा था? तीन लिखा है कि साढ़े तीन?”

“तीन,” मी म्हणालो. आणि रेंज गेली.